कायोटी रोज साडेसहाला हजर! पकडून द्यायचा का?

कातरवेळ | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

शिकागोच्या वायव्येला शॉम्बर्गच्या बाजूला आमचं घर आहे. मागे थोडी हिरवळ, कोपऱ्यात कंपोस्टचा ढीग, मग सोसायटीचं तळं आणि पलीकडे झाडी. गेले तीन आठवडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एक कायोटी (इकडचा लांडग्याच्या कुळातला रानटी प्राणी) तिथे येऊन बसतो. पहिल्यांदा मी कुकर घासताना खिडकीतून पाहिला. करडा-तांबूस, पाय काटकुळे, शेपूट झुपकेदार आणि टोकाला काळी. मी काचेवर टकटक केलं तर कान हलवला, उठला मात्र नाही. माझ्याकडे बघतही नव्हता. त्याचं सगळं लक्ष मागच्या दाराकडे.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण गेल्या आठवड्यात तीन घरं सोडून राहणाऱ्यांच्या डॅक्सहुंडला अंगणातच चावला. सात टाके पडले, कुत्रा वाचला. आता सोसायटीत पत्रक फिरतंय की वर्गणी काढून सापळेवाला बोलवायचा. २३ तारखेला मतदान आहे. घरात चार वर्षांची मुलगी, शिवाय सांगलीहून सासू-सासरे आलेत, ते ऑक्टोबरपर्यंत आहेत. नवरा म्हणतो, डोळे मिटून हात वर कर. मला ते होत नाहीये. पकडलेला कायोटी दूर रानात सोडतात असं नाही, बहुतेक वेळा मारतातच, असं कळलं.

तुमच्यापैकी कुणाच्या भागात असं झालंय का? काय केलंत?

मेतकूट | १२ सप्टेंबर, रात्री ९:५८

रोज वेळेवर दारात येऊन बसतोय आणि तुम्ही साधं "काय, ओटीवर या" म्हणत नाही? त्याचं नावच काय-ओटी आहे!
(हलके घ्या. मुलीला एकटीला बाहेर सोडू नका.)

टोरांटोकर | १२ सप्टेंबर, रात्री १०:२०

आधी एक सांगतो, तो दिसतो तेवढा मोठा नसतो. नुसती लव असते. साधारण १० ते १६ किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढाच किंवा कमीच. आमच्याकडचे पूर्वेकडचे जरा थोराड, त्यांच्यात लांडग्याचं रक्त मिसळलेलं आहे.

इथे टोरांटोत लिबर्टी व्हिलेजमध्ये २०२४-२५ च्या हिवाळ्यात खूप गाजलं. उंच इमारतींची वस्ती, सगळ्यांकडे पावशेर वजनाची कुत्री, आणि कायोटी पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यावरही यायला लागले. शेवटी एप्रिलमध्ये शहराने दोन मारले. त्याआधी कुणी म्हणे बांधकामांमुळे बेघर झालेत, कुणी म्हणे लोक खायला घालतात. बहुतेक दोन्ही खरं असावं.

रानवाट | १२ सप्टेंबर, रात्री ११:३५

कातरवेळ, तुम्ही योगायोगाने जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या कायोट्यांच्या शेजारी राहता. कुक काउंटीत २००० सालापासून वन्यजीव संशोधक स्टॅनली गेर्ट आणि त्यांचे सहकारी कायोट्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून त्यांच्या मागावर आहेत. सुरुवातीला वाटलं होतं, वर्षभराचं काम असेल. पंचवीस वर्षं झाली, अजून चालू आहे. त्यांचा अंदाज असा की शिकागोच्या परिसरात कायोटी हजारांत आहेत, आणि बहुतेक लोकांना आयुष्यात एकही दिसत नाही. कारण शहरात आला की हा प्राणी आपल्याला चुकवून रात्रीचा वावरायला लागतो.

त्यांनी १४२९ विष्ठा तपासल्या. उंदीर-घुशींसारखे छोटे कुरतडणारे प्राणी ४२ टक्क्यांत, फळं २३, हरीण २२ (बरंचसं पाडसं आणि मेलेली), ससे १८. मांजर टक्का-सव्वा टक्का. शिवाय तळ्याकाठच्या त्या कॅनडा गूज बदकांची अंडी खातात, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या पायवाटेवरची घाण कमी करणारा फुकटचा कामगार आहे तो.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. रानातला कायोटी घड्याळ लावून अंगणात बसत नाही. काचेवर टकटक करून उठत नाही, दाराकडे बघतो, उजेडात येतो. हे शिकवलेलं आहे. त्याला तिथे कुणीतरी काहीतरी देतंय. आधी ते शोधा. सापळा लावून हा गेला, तरी वाढलेलं ताट तिथेच राहील आणि दोन-चार महिन्यांत दुसरा येऊन बसेल.

झब्बू | १२ सप्टेंबर, रात्री ११:५१

४२ + २३ + २२ + १८ = १०५. कायोटी गणितात कच्चे आहेत की संशोधक?

रानवाट | १२ सप्टेंबर, रात्री ११:५८

एका विष्ठेत ससाही असतो आणि सफरचंदही. तुम्ही जेवताना एकच पदार्थ खाता का?

झब्बू | १३ सप्टेंबर, सकाळी ७:०२

बायको माहेरी असली की हो.

कातरवेळ | १३ सप्टेंबर, सकाळी ८:१५

रानवाट, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. पण आमच्याकडून कुणी काही देत नाही, नक्की. कचऱ्याचे डबे गॅरेजमध्ये असतात. कंपोस्टमध्ये फक्त भाजीची सालं आणि चहाचा चोथा जातो, ते काम सासरेच रोज संध्याकाळी मनापासून करतात. पक्ष्यांच्या दाण्यांची नळी शेजाऱ्यांकडे आहे, ती मीटिंगमध्ये काढेन.

खाडीपलीकडे | १३ सप्टेंबर, सकाळी ११:४४

कॅलिफोर्नियातून लिहितोय. वरचे प्रतिसाद वाचून थोडा राग आला, म्हणून स्पष्ट लिहितो.

आमचा चिकू, पाच किलोचा, नऊ वर्षांचा. मागच्या मार्चमध्ये रात्री दहा वाजता त्याला अंगणात सोडला. सहा फुटांचं कुंपण आहे. मी दारातच उभा होतो, फोन वाजला म्हणून मान खाली घातली. नंतर फक्त कुंपणावर नखांचा आवाज आला. चिकू मिळालाच नाही. मुलगी अजून त्या दाराशी जात नाही.

मांजर-कुत्रं टक्का-सव्वा टक्का असेल हो, पण ज्याचं गेलं त्याचं शंभर टक्के गेलं. सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ च्या जूनमध्ये बोटॅनिकल गार्डनमध्ये उन्हाळी शिबिरातल्या पाच वर्षांच्या मुलीला चावला, तेव्हा तीन मारले. मुलीला चावेपर्यंत थांबायचं का? माझं मत: हात वर करा.

नदीकाठ | १३ सप्टेंबर, दुपारी १२:१०

खाडीपलीकडे, वाईट वाटलं वाचून. चिकूसाठी _/\_

जुन्नरकर | १३ सप्टेंबर, दुपारी १:२५

भारतातल्या रात्री लिहितोय, झोप येत नाही म्हणून.

तुमचा तो पंधरा किलोचा कोल्हा बघून हसू येतं. आमच्याकडे उसात बिबट्या वितो. पण पकडून दुसरीकडे सोडण्याबद्दल बोलायला आम्ही लायक आहोत. २००१ नंतर आमच्या भागात पिंजरे लावून बिबटे धरले आणि लांब जंगलात नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला, त्यात दिसलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. ओळखीचं रान तोडून आणलेला, बावचळलेला प्राणी. आणि रिकाम्या उसात दुसरा आलाच. माणिकडोहला निवारा केंद्रात जन्मभर पिंजऱ्यात असलेले बिबटे मी पाहिलेत. बघवत नाही.

आता दुसरी बाजूपण ऐका. "सहजीवन" हा शब्द ज्यांच्या पोरांना रात्री मोटर चालू करायला शेतावर जावं लागत नाही त्यांना फार गोड लागतो. आमच्या गावात हा शब्द उच्चारला तर लोक चहासुद्धा विचारणार नाहीत. म्हणून कातरवेळताईंच्या नवऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

तिसरामजला | १३ सप्टेंबर, दुपारी २:०५

नेमका प्रतिसाद. पण बिबट्या आणि कायोटीची तुलना नको. एक माणूस मारतो, दुसरा सँडविच खातो. (खरंच. २००७ च्या एप्रिलमध्ये शिकागो डाउनटाउनमध्ये एक कायोटी सँडविचच्या दुकानात शिरून थंड पेयांच्या फ्रिजमध्ये जाऊन बसला होता. गिऱ्हाइकांना त्रास नाही, काही नाही.)

मेतकूट | १३ सप्टेंबर, दुपारी २:११

मे महिन्यात पुण्याच्या बँकेत एसीसाठी बसणारे काका आठवले.

खारघरवाला | १३ सप्टेंबर, दुपारी ४:३०

अवांतर: कृपया कुणी कायोटीला "कोल्हा" म्हणू नका आणि "फॉक्स" तर त्याहून नको. आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. शाळेच्या पुस्तकात द्राक्षांना आंबट म्हणणारा भाषांतरात कोल्हा झाला आणि तेव्हापासून सगळा घोळ.

आमच्याकडे खारघर-ऐरोलीच्या खारफुटीत अजून कोल्हे आहेत. पहाटे धावायला जातो तेव्हा चिखलावर पावलं दिसतात, कधीमधी कोल्हेकुईही ऐकू येते. लोक भटक्या कुत्र्यांसाठी भाताचे ढीग घालतात, त्यावर कोल्हेही येतात, आणि कुत्र्यांचे रोग त्यांना लागतात. खायला घालणाऱ्याला वाटतं पुण्य लागलं.

झब्बू | १३ सप्टेंबर, दुपारी ४:४१

म्हणजे कायोटीची कुई ती कायोटीकुई का?

टोरांटोकर | १३ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१५

झब्बू, ती ऐकलीत तर विनोद सुचणार नाही. दोघेच ओरडतात पण सूर असे वरखाली फिरवतात की दहा जण असल्यासारखं वाटतं. पहिल्या वर्षी मी बायकोला म्हटलं होतं, टोळी आलीये, गाडीत बस.

रानवाट | १३ सप्टेंबर, रात्री ९:२०

खाडीपलीकडे, तुमच्या दुःखावर आकडे फेकायचे नाहीत मला. टक्क्यांचं वाक्य मी जरा सहज लिहिलं, चूक झाली.

धोका नाहीच असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं. आजवर कायोट्यांनी माणूस मारल्याच्या नोंदलेल्या घटना दोन. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये एक तीन वर्षांची मुलगी, आणि २००९ साली कॅनडात नोव्हा स्कोशियात केप ब्रेटनला एकटी फिरायला गेलेली एकोणीस वर्षांची गायिका. चावे मात्र त्याहून खूप जास्त.

व्हँकुव्हरचं स्टॅनली पार्क घ्या. डिसेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे ४५ जणांना चावे-ओरखडे झाले. एका बागेत! शेवटी बाग बंद ठेवून कायोटी मारावे लागले, एकूण अकरा. त्याच सप्टेंबरमध्ये बागेत प्राण्यांना खायला घालण्यावर दंडाचा नियम आला. हा नियम आधी असता तर? धीट झालेला, माणसाला चावलेला कायोटी मारावा लागतो, हे मलाही मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की त्याला धीट आपण करतो आणि मरतो तो.

सरसकट मारण्याने संख्याही हटत नाही. अमेरिकेने शंभर वर्षं विष, सापळे, बंदुका सगळं करून पाहिलं. लांडगा बहुतेक राज्यांतून संपला. कायोटी त्याच्या रिकाम्या जागेत पसरत हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोचला.

नारळीपाक | १४ सप्टेंबर, सकाळी ९:००

मला एवढं सगळं कळत नाही. डेन्व्हरला असताना मी ताट आणि लाटणं घेऊन बाहेर जायचे आणि बडवायचे. मार्च २०२० चा सराव कामी आला. "हाड! हाड!" म्हटलेलं त्याला बरोबर समजतं. मात्र वळून पळायचं नाही, अंग मोठं करायचं, जॅकेट पसरायचं, तो नजरेआड होईपर्यंत थांबायचं. तो थांबून वळून बघतो ना, तिथेच आपण माघार घेतो.

आणि एप्रिल-मेमध्ये हे करू नका. तेव्हा पिल्लं असतात. कुत्र्याला घेऊन चाललं की तो काही अंतर ठेवून मागे-मागे येतो, लोकांना वाटतं शिकार करतोय. तो आपल्याला बिळापासून दूर पोचवत असतो. सोडायला येतो म्हणा ना, जावयाला स्टँडवर सोडतात तसा.

सुमनमावशी | १४ सप्टेंबर, दुपारी ३:४०

बाळ कातरवेळ, मी नेपरविलला १९७८ पासून आहे. सगळ्यांचं वाचलं. एकच विचारते. पितृपंधरवडा चालू आहे, घरात सांगलीचे सासरे आहेत. कावळ्याचं पान कुठे ठेवता?

आमचे हे होते तेव्हा डेकवर ठेवायचे. इथले कावळे पंचेचाळीस वर्षांत एकदाही शिवले नाहीत. त्यांना वडे आवडत नसावेत. रकून मात्र यायचा, हात धुऊन जेवायला बसल्यासारखा. हे म्हणायचे, दादांना आवडलं असेल, अमेरिका बघायची राहिली होती त्यांची.

मेतकूट | १४ सप्टेंबर, दुपारी ३:५२

मावशी, दंडवत! धाग्याला शेरलॉक मिळाला.

कातरवेळ | १४ सप्टेंबर, दुपारी ४:३०

मावशी, पंधरवडा आठ तारखेला लागला, कायोटी त्याच्या दोन आठवडे आधीपासून येतोय. त्यामुळे ते नसावं. तरी विचारते बाबांना.

कातरवेळ | १४ सप्टेंबर, रात्री १०:५०

विचारलं.

आज मुद्दाम मुलीच्या पोहण्याच्या क्लासला गेले नाही. सव्वासहाला बाबा कंपोस्टची बादली घेऊन निघाले. मी मागून गेले. ढिगाशेजारी फरशीचा एक तुकडा आहे, मी कधी नीट पाहिलाच नव्हता. त्यावर त्यांनी बादलीतून स्टीलची वाटी काढून दूध-पोळी ओतली. कुस्करलेली, वर तुपाचा थेंब. आणि हळूच म्हणाले, "मोत्या, ये रे."

नाव ठेवलंय! मोत्या!

मी ओरडणारच होते, पण ते इतके दचकले की माझाच आवाज बसला. म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, इथे भटकी कुत्री नसतात. मग मला वाटलं कुणाचं तरी चुकलंय. पाय बघ त्याचे, किती वाळलाय. दिवसभर या घरात माझ्याशी बोलायला कोण असतं? तो निदान वेळेवर येतो." त्यावर मी काय बोलणार?

डॅक्सहुंडबद्दल सांगितलं तेव्हा मात्र खाली बसले. त्यांना माहीतच नव्हतं. आम्ही त्यांना घाबरवायचं नाही म्हणून सांगितलं नव्हतं.

झब्बू | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

विनोद करणार होतो, पण "निदान वेळेवर येतो" वाचलं. उद्या बाबांना फोन करतो.

सुमनमावशी | १४ सप्टेंबर, रात्री ११:२०

त्यांना रागावू नकोस गं. शनिवारी माझ्याकडे घेऊन ये. माझे भाऊपण आलेत, सांगलीच्याच बाजूचे, मिरजेचे. बसतील बोलत.

खाडीपलीकडे | १५ सप्टेंबर, सकाळी १०:१५

माझं मत तेच आहे, तो प्राणी आता धीट झालाय आणि चावलाय. पण काल रात्री एक आठवलं. आमच्या कोपऱ्यावरच्या घरात मांजरांसाठी रोज खाण्याच्या थाळ्या बाहेर असायच्या. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. भलं काम म्हणून कुणी बोललं नाही, मीही नाही.

रानवाट | १५ सप्टेंबर, सकाळी ११:००

कातरवेळ, आता करायचं असं. फरशी उचला, धुवा. कंपोस्टला झाकणाचा डबा आणा. सफरचंदाचं झाड असेल तर खाली पडलेली वेचा. शेजाऱ्यांच्या दाण्यांखाली उंदीर जमतात, त्यामुळे ते थोडे दिवस बंद. आणि हुसकावायचं बाबांनीच. इतरांनी ओरडलं तर तो शिकेल की इतर वाईट आणि बाबा चांगले. डब्यात चिल्लर घाला, आवाज भरपूर होतो. काही दिवस जास्तच धीटपणा करेल, कारण हक्काचं बंद झालंय. तेव्हा मुलीला एकटी सोडू नका, आणि मधेच दया येऊन एकदाही देऊ नका. तरीही तो माणसांवर यायला लागला तर मात्र वनखात्याला कळवा, तेव्हा हळवेपणा नको.

जुन्नरकर | १५ सप्टेंबर, दुपारी १२:४०

बाबांना सांगा, आमच्याकडे बिबट्याला कुणी मोत्या म्हणत नाही, पण उसात दिसला की म्हातारी माणसं अजून "मामा" म्हणतात. नाव ठेवलं म्हणून काही बिघडत नाही. पोळी तेवढी नको.

कातरवेळ | २४ सप्टेंबर, रात्री ९:१०

अपडेट द्यायचं राहिलं होतं.

पहिले दोन दिवस बाबांकडून ओरडणंच होईना. डबा हातात धरून "जा मोत्या, जा बाळा" म्हणायचे आणि तो समोर बसून मान वाकडी करून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी तो मुलीच्या घसरगुंडीपर्यंत आला. तेव्हा बाबांनी असा काही आवाज काढला की तळ्यावरची बदकं उडाली. डबा आपटून-आपटून चेपला. तो तळ्यापर्यंत गेला, थांबला, वळून बघितलं. बाबा तिथेच उभे राहिले, हलले नाहीत. आत आल्यावर चहा नको म्हणाले.

त्यानंतर दोनदा आला, लांबूनच. गेले चार दिवस दिसला नाही.

काल मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. सासऱ्यांचं नाव न घेता "आमच्याकडून चूक झाली" म्हटलं. डॅक्सहुंडवाल्या बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, टाक्यांचं बिल तुम्ही भरणार का? मी हो म्हटलं. अर्धंच घेतलं त्यांनी. सापळेवाल्याचा ठराव ऑक्टोबरच्या बैठकीपर्यंत पुढे ढकलला, अकरा विरुद्ध नऊ. दाण्यांच्या नळीवर मात्र माझ्याहून जास्त भांडणं झाली.

मेतकूट | २४ सप्टेंबर, रात्री ९:२५

आणि सर्वपित्रीचं पान?

कातरवेळ | २४ सप्टेंबर, रात्री ९:३३

वरच्या मजल्याच्या खिडकीत ठेवलं, बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. खार आली. वडा घेऊन गेली.